कॅरेटवरचा नंबर

कारंजा लाड,
३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी इथे आत्याकडे बरी आहे. तुम्ही, आई आणि आजीही बरे असाल असं धरून चालते. पत्र कसं लिहायचं ते शाळेत पाच मार्कांसाठी शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं, याचा जन्मात उपयोग होणार नाही. झाला. माझा फोन तुम्ही विहिरीत टाकला, आणि आत्याच्या फोनवरून मी "बाबा" म्हटलं की तुम्ही लगेच "घे, आईसंग बोल" म्हणून फोन आईच्या हातात देता. मग उरलं काय? कागद आणि आपली भाजी आणणाऱ्या खेमाभाऊची गाडी.

हे पत्र मी रिकाम्या कॅरेटच्या तळाशी, रद्दी पेपरखाली ठेवते आहे. खेमाभाऊने काही विचारलं नाही. "वरतून दुसरं कॅरेट ठेवून देतो, उडनार नाई," एवढंच म्हणाले. आपला माल सकाळी कारंज्याच्या बाजारात येतो आणि रिकामी कॅरेटं दुपारी घरी परत जातात. मी कधी परत यायचं ते मात्र मला कुणी सांगत नाही.

इकडची खबर म्हणजे लग्नसराईमुळे आत्याकडे ब्लाउजांचा ढीग पडला आहे. मी हूक लावते, काजं करते. परवा आत्या म्हणाली, "हात बसला तुहा. आता बारावीत नापास झाली तरी पोट भरशीन." म्हणाली आणि तिनेच जीभ चावली. गल्लीत तिने सांगून ठेवलं आहे की पोरगी क्लाससाठी आली. शेजारची बाई विचारते, "कोनता क्लास वो? घरातच तं असते दिवसभर." आत्या म्हणते, "ऑनलाइन." बाबा, माझ्याजवळ फोन नाही आणि मी ऑनलाइन क्लास करते आहे! मला खदखदून हसू आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

आजीच्या डोळ्यात थेंब कोण टाकतं आता? आईला जमत नाही, ती आजीच्या गालावरच टाकते. वांग्यातल्या शेंडे अळीचं काय झालं? मी निघाले तेव्हा कडुलिंबाकडच्या ओळींत वाळलेले शेंडे दिसत होते. ते खुडून बांधाबाहेर नेऊन जाळा, तिथेच टाकू नका. तुम्हाला हे मी शिकवावं असं नाही, पण तुमचं लक्ष सध्या कशात असेल ते मला माहीत आहे.

आता त्या दिवसाबद्दल. भांडायला लिहीत नाही, पण मला बोलूच दिलं नाही तुम्ही कुणी. अर्धं गाव आपल्या ओसरीवर बसलं होतं. भाजीवाल्यांच्या ग्रुपवर तो फोटो आला होता, चेहरा माझा आणि बाकी दुसऱ्याच कुणाचं तरी चिकटवलेलं, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता. पाहिला आणि मग "पोट्टी रीलच्या नादी लागली म्हून झालं" असं एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला, मग आईसुद्धा म्हणाली. मी दाराआड उभी होते. आमच्या पोरीशी असं कुणी केलं, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी पोरीने काय केलं एवढंच विचारलं, आणि तेही मला नाही, एकमेकांना.

तर मी काय केलं ते ऐका. मी तुम्हाला न सांगता रीलचं खातं उघडलं, ही माझी चूक, मान्य. पण कॉलेजात पोलीस मॅडम आल्या होत्या, त्यांनी सांगितलेलं सगळं मी पाळलं होतं. नाव टाकू नका, नाही टाकलं. गाव नको, कॉलेज नको, युनिफॉर्म नको, घराचं दार दिसायला नको, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. सगळं पाळलं. खात्याचं नाव होतं "मळ्यातली पोर". त्यात होतं तरी काय, पालकाची जुडी कशी बांधतात, बियाचं वांगं हाताला कसं कळतं. माझी मैत्रीण तनुजा शूटिंग करायची आणि मी बडबडायची. लोकांना आवडत होतं, बाबा. पुण्याच्या एका बाईने लिहिलं होतं की तुझ्यामुळे मी आता बाजारात फसत नाही. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

एवढं सगळं झाकलं आणि मी बसले होते कशावर, ते विसरले. कॅरेटवर.

दर दसऱ्याच्या आधी आपण विहिरीवर कॅरेटं घासतो आणि मी पांढऱ्या ऑइलपेंटने त्यावर लिहिते. ग. चं. गोटे, सावरगाव मळा, आणि खाली तुमचा नंबर. बाजारात कॅरेटांची सरमिसळ होते, नंबर असला की परत येतं. तुम्ही येईल त्याला दाखवता, "अक्षर पाहा पोरीचं, छापल्यावानी!" छापल्यासारखंच होतं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरही वाचता येईल असं. मीच लिहिलं आणि मीच त्यावर बसून बडबडले.

म्हणजे गावाचं नाव आणि तुमचा नंबर फोटो टाकणाऱ्या त्या माणसाला माझ्या व्हिडिओतून मिळाला. हे खापर माझ्या डोक्यावर फोडा, मी नाही म्हणत नाही. पण कॅरेटवर माझा नंबर नव्हता. माझं नाव नव्हतं. माझी सकाळची एसटी कोणती हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

राहू द्या. आज इतकंच.

माझी पुस्तकं पाठवा. परीक्षेचा फॉर्म भरलेला आहे, तो फुकट जाऊ नये असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. फिजिक्स आणि बायोलॉजी आधी. स्वेटरही.

तुमची,
वैभू

ता. क. आत्यासाठी सांभार पाठवा. इथल्या कोथिंबिरीच्या जुड्या पाहिल्या तर तुम्ही विकणाऱ्याला दोन शब्द सुनावाल.


कारंजा लाड,
११ डिसेंबर २०२४

बाबा,

नमस्कार. पुस्तकं मिळाली, स्वेटर मिळालं, पेरू मिळाले. सांभार एवढा आला की आत्याने गल्लीत वाटला. फिजिक्सच्या पुस्तकाला नवं कव्हर आहे, बियाणाच्या कॅलेंडरचं. ते तुम्हीच घातलं, कोपरे पाहून कळलं. आई असे दुमडत नाही. मी पुस्तक झटकून पाहिलं, पान न् पान उलटून पाहिलं. एक ओळ नव्हती.

नसू द्या. तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे. पण मला आता गप्प बसता येत नाही, कारण काल तनुजाचा आत्याच्या फोनवर फोन आला होता. ती रडत होती. तिच्या खात्यावर मेसेज आला आहे. "मी निता. वैभवीची मैत्रीण. ती कशी आहे? मला तिची फार काळजी वाटते."

तनुजा मला विचारत होती, "हे निता कोन हाये वो? तुह्यासंग शिकत होती का?" मी तिला म्हटलं, उत्तर देऊ नको, मेसेज खोडू नको, तुझ्या आईला आत्ताच्या आत्ता दाखव. ती म्हणाली, "आईले दाखवलं तं माहाबी फोन विहिरीत जाईन." बाबा, गावातल्या पोरी यातून हे शिकल्या आहेत. काही झालं तरी घरी सांगायचं नाही.

म्हणून आता लिहिते. मळ्यात वाचत असाल तर मोटर बंद करा आणि लिंबाखाली बसून वाचा.

नवरात्राचे दिवस होते. आपण वांगी तोडत होतो, तुम्ही एका ओळीत, मी शेजारच्या. तुमचा फोन नेहमीसारखा लिंबाच्या बेचक्यात, स्पीकरवर. दोन्ही हात कामात असले की तुम्ही असंच बोलता आणि सगळ्या मळ्याला ऐकू येतं. फोन आला, "राजूशेठ बोलून राह्यलो अकोल्याहून. बाजारात माल पायला तुमचा. कॅरेटवर नंबर होता." बोलणं अगदी आपल्याकडचं. तुम्ही खूश झालात. अनोळखी नंबर म्हणजे तुमच्यासाठी गिऱ्हाईक. तुम्ही जेवताना उठून उचलता, पूजेत उचलता.

मग तो रोजच करायला लागला. एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. त्याने भाव कधीच घासाघीस करून विचारला नाही. कोणता व्यापारी असं करतो? तो आधी घरचं विचारायचा. आजीचं ऑपरेशन झालं का. पाणी किती आहे. "पोरंबाळं काय करतात भाऊ?"

आणि तुम्ही सांगितलंत. मला शब्द न् शब्द आठवतो, कारण ऐकताना मला फार बरं वाटत होतं. "माही पोरगी बारावीले हाये, शेठ. सायन्स. सकाळच्या एश्टीनं मंगरूळले जाते, दुपारच्याले वापस. एकटीच जाते, भीत नाई कोनाले. लय हुशार हाये बाप्पा."

तो म्हणाला, "अरे वा! माही निताबी बारावीलेच हाये. सायन्सच. तिले नोट्स पायजे होत्या, इकडं कोनी देत नाई."

तुम्ही म्हणालात, "मंग काय झालं, घ्या लिहून माह्या पोरीचा नंबर." आणि तुम्ही एकेक आकडा सांगितलात. त्याने पुन्हा विचारला, तुम्ही पुन्हा सांगितलात. सावकाश, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असा. मी ओळीतून मान वर करून हसले होते. तुम्हीही हसलात.

नंबर त्याला तुम्ही दिलात, बाबा. रीलने नाही.

लिहिलं एकदाचं.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तेही सांगते. निता माझ्याशी महिनाभर बोलत होती. नोट्सबद्दल, तिच्या वर्गातल्या पोरींबद्दल, तिच्या आईच्या चिडचिडीबद्दल. मला पोलीस मॅडमचं बोलणं आठवत होतं, अनोळखी माणसाशी बोलू नका. म्हणून मी एकदा विचारलंसुद्धा, तुला आमच्या आजीचं ऑपरेशन कसं माहीत? ती म्हणाली, "पप्पांनी सांगितलं. ते म्हणतात, तुझे बाबा देवमाणूस आहेत." यानंतर मी काय शंका घेणार? ती अनोळखी नव्हतीच. ती माझ्या बापाच्या ओळखीतून आली होती. मॅडमने सांगितलेल्या गोष्टींत हे कुठेच बसत नव्हतं.

तनुजाच्या बहिणीच्या लग्नासाठी आणलेला घागरा घालून काढलेला एक फोटो मी तिला पाठवला. नुसता घागरा, ओढणीसकट, आईने पाहिलेला. "छान दिसतेस," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून माणसाचा आवाज आला. व्हिडिओ कॉल कर म्हणे, मी सांगेन तसं. नाहीतर या फोटोचं काय होतं ते बघशील, आणि तुझ्या बापाच्या ग्रुपवर टाकीन.

मी फोन कापला. त्या संध्याकाळी मी तुमच्याजवळ आले होते, आठवतं? तुम्ही पंपाचा नोझल साफ करत होतात. मी विचारलं, "बाबा, राजूशेठ कोन हायेत? तुमी पायलं काय त्याइले कदी?" तुम्ही वर न पाहता म्हणालात, "गिऱ्हाईक हाये आपलं. नीट बोलत जाय त्याइच्या पोरीसंग." मला वाटलं, आता याच्या पुढे काय बोलणार.

नंबर दिल्याचा मला राग नाही, असं लिहिणार होते. खोटं ठरेल. राग आहे. पण तो जाईल. तुम्ही मुळातच तसे आहात. आपलं एक कॅरेट चुकून अमरावतीला गेलं होतं आणि नंबर पाहून एकाने फोन केला, तर तुम्ही त्याला घरी बोलावून जेवायला घातलं आणि जाताना पिशवीभर वांगी दिली. मी तेव्हा लहान होते. फोनवरचा माणूस चांगलाच असतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

न जाणारा राग त्या ओसरीवरचा आहे. सगळे रील रील करत होते आणि तुम्ही खाली मान घालून सुपारी कातरत होतात. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. मी दाराआडून तुमचे हात पाहत होते. तुम्ही खाल्ली नाहीत ती सुपारी, नुसतेच कातरत राहिलात. "माह्यापासून झालं," एवढं तुम्ही म्हणाला असतात तर ते सगळे उठून गेले असते. तुम्ही उठलात आणि माझा फोन विहिरीत टाकलात.

त्या फोनबरोबर त्याचे सगळे मेसेज गेले. त्याचा आवाज गेला. आता तो फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. त्याचे नंबर, त्याने आवाजात पाठवलेले मेसेज, तुम्ही त्याला पाठवलेला माझा बक्षीस समारंभाचा फोटो. बाबा, पाया पडते, त्यातलं काही खोडू नका.

येत्या सोमवारी आत्या आणि मी वाशिमला सायबर पोलिसांकडे जाणार आहोत. आत्याला मी फक्त तक्रार द्यायची आहे एवढं सांगितलं, बाकी तिला काही माहीत नाही. तुम्ही शेलूबाजारहून या, वाशिमच्या स्टँडवर भेटा, आणि फोन आणा. बोलायचं सगळं मी बोलेन. तुम्ही नुसते शेजारी बसा. त्याला आत्ता धरला नाही तर उद्या तनुजा असेल, आणि मी काही घरी येत नाही, कॉलेजात जात नाही, आयुष्यभर हूक लावत बसते.

आणि एक सांगा. त्याच्याशी तुम्ही आत्याबद्दल कधी बोलला होतात का? माझी बहीण कारंज्याला असते, असं काही? आठवून पाहा. गल्लीत मोटारसायकल थांबली की मी मशीनवरून उठून दाराची कडी पाहते. आत्या म्हणते, काय वेडी झाली आहेस. तिला काय सांगू?

वाट पाहते.

वैभवी


कारंजा लाड,
१७ डिसेंबर २०२४

बाबा,

काल तुम्ही आला नाहीत.

आम्ही स्टँडवर बसून होतो. शेलूबाजारकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी आत्या जायची, शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायची आणि परत येऊन म्हणायची, "येईन दादा. पुढच्या गाडीनं येईन." मला शनिवारीच कळलं होतं की तुम्ही येणार नाही. तरी आत्याबरोबर मान वळवून पाहत होते.

शनिवारी कॅरेटं आली ती काळी होऊन आली. नाव, गाव, नंबर, सगळ्यावर काळं. आत्याला वाटलं, डांबर सांडलं की काय. खेमाभाऊ म्हणाले, "गनेशभाऊनं सारा दिवस लावला. एक कॅरेट नाई सोडलं. म्या म्हनलं, काहून गा, वापस कशे येतीन आता? तं ब्रश मारतच राह्यले." आणि म्हणाले, "फोनबी उचलत नाई आता. वळखीचा नसला का कापते. नव्या आडत्याचाबी कापला."

म्हणजे माझं पत्र तुम्हाला पोचलं. हे त्याचं उत्तर. मी त्या काळ्यावरून हात फिरवला. खालचा ऑइलपेंट जाड आहे, माझी अक्षरं बोटांना लागतात. बाबा, पुसायचं ते हे नव्हतं. याचा आता कुणाला काही उपयोग नाही. तुम्ही एक दिवस फोन घेऊन वाशिमला यायचं, तो दिवस तुम्ही ब्रश घेऊन कॅरेटांपाशी घालवलात. मी पुष्कळ रडले. तुमच्यावर चिडून रडले आणि मग तुम्ही एकटेच विहिरीवर उकिडवे बसून एकेक कॅरेट काळं करता आहात असं डोळ्यांसमोर आलं आणि पुन्हा रडले.

शेवटी स्टँडवरून पायी निघालो तेव्हा मी आत्याला सगळं सांगितलं. ती ऐकून रस्त्याच्या कडेलाच बसली. मग म्हणाली, "दादाचं नाव नको घेऊ वैभू. रीलवरून भेटला म्हन. सारे तसंबी तेच म्हनतात." तिचा भाऊ आहात तुम्ही, तिला तसंच वाटणार. आणि खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. सोपं होतं. एकच वाक्य बोलायचं, आणि तुम्ही सुटला असता. चालता चालता मी ते मनात घोकलंसुद्धा. माझ्यापासून झालं, मीच नंबर दिला, रीलवर ओळख झाली.

सायबर पोलिसांच्या ऑफिसातल्या मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. त्यांनी एकदाही रील का केली असं विचारलं नाही. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. आणि मग त्यांनी विचारलं, "तुझा नंबर त्याच्याकडे कसा गेला?"

आत्याने माझा हात दाबला.

मी त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहिलं. रील म्हटलं असतं तर ते त्याला तिथे शोधत बसले असते आणि तो तिथे नाहीच. तो तुमच्या फोनमध्ये आहे. आणि तनुजाला त्याने परवा पुन्हा मेसेज केला. मी म्हटलं, "माझ्या बाबांनी दिला."

वाटलं, आता त्या तुमच्याबद्दल काहीतरी बोलतील, आणि त्या बोलल्या असत्या तर मी उठून निघाले असते. त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि विचारलं, "त्यांचा नंबर?"

माझ्याजवळ फोन नाही. आत्याने पिशवीत तिचा फोन शोधायला सुरुवात केली. तोवर मी सांगूनही टाकला, एका दमात. मॅडमनी वर पाहिलं. "पाठ आहे?" मी हो म्हटलं. का पाठ आहे ते सांगितलं नाही.

तक्रारीखाली सही करताना पूर्ण नाव आणि गाव लिहावं लागलं. तुम्ही कुणाला दाखवावं असं अक्षर नाही आलं.

आता नीट वाचा. ते तुम्हाला फोन करणार आहेत. उद्या करतील, परवा करतील. नंबर ओळखीचा नसेल. तुम्ही कापाल, ते पुन्हा करतील, तुम्ही पुन्हा कापाल. मग गाडी घेऊन घरी येतील आणि मग पुन्हा ती ओसरी भरेल. ते मला बघवणार नाही, आणि तुम्हालाही सोसणार नाही.

तुम्ही फोनमधलं खोडून टाकलं असेल तर तेही त्यांनाच सांगा. मला सांगू नका, माझ्यात आता ऐकायची ताकद नाही. आत्या म्हणते, तुम्ही खोडलं नसेल. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवून आज जेवले.

बाबा, तुम्ही जन्मभर प्रत्येक अनोळखी नंबर उचललात. जेवताना, पूजेत, वांगी तोडताना. एवढा एक उचला. राजूशेठशी बोललात तसंच यांच्याशी बोला. फोन लिंबाच्या बेचक्यात ठेवा, स्पीकरवर टाका, ऐकू दे सगळ्या मळ्याला. माझी पोरगी बारावीला आहे म्हणा. सायन्सला आहे, सकाळच्या एसटीने एकटी जाते, कुणाला भीत नाही, असं सांगा. आणि मग त्याचा नंबर सांगा. एकेक आकडा, सावकाश. त्यांनी पुन्हा विचारला तर पुन्हा सांगा.

तुमची पोरगी,
वैभवी गणेश गोटे
मु. सावरगाव मळा